तापाच्या गोड औषधाचा इतिहास

मुलाला ताप आला की फळीवरची बाटली खाली येते, झाकणाने औषध मोजले जाते आणि मूल ते निमूटपणे, कित्येकदा आनंदानेही, पिऊन टाकते. आपल्या आजीच्या काळी असे नव्हते. काडेकिराइताचा काढा पाजावयाचा म्हणजे एकाने हात धरावयाचे, दुसऱ्याने नाक, आणि तिसऱ्याने गुळाचा खडा घेऊन उभे राहावयाचे. मुलांचे औषध गोड झाले ही गोष्ट तशी अलीकडची. आणि श्रोतेहो, ह्या गोडीचा इतिहास फारसा गोड नाही.

पॅरासिटामॉल हे द्रव्य प्रथम तयार झाले १८७८ साली, परंतु घरोघरी पोचले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ते चवीला कडू, शिवाय पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. म्हणून पातळ औषध करताना ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल अशा गोडसर द्रवांचे साहाय्य घेतात. संकट उभे राहते ते नेमके येथे. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा कारखान्यांतून वापरला जाणारा द्रव दिसावयास तसाच, चवीलाही तसाच गोड, आणि भावाने स्वस्त. तो पोटात गेला म्हणजे मूत्रपिंडे निकामी होतात.

ह्याची पहिली मोठी प्रचीती १९३७ साली अमेरिकेत आली. सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध ह्याच द्रवात विरघळवून, रासबेरीचा स्वाद देऊन विकले गेले. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळ मुले होती. विक्रीपूर्वी औषध निर्धोक ठरविण्याचे बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हते. बाटल्या जप्त करता आल्या त्या एवढ्याचसाठी की, ‘एलिक्झर’ म्हणविणाऱ्या औषधात मद्यार्क असावयास हवा आणि ह्यात तो नव्हता! माणसे मेली ह्यापेक्षा नाव चुकले हा गुन्हा कायद्याला अधिक दिसला. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला.

म्हणजे विषाची ओळख तेव्हाच पटली होती. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाला चौकशी करावी लागली. १९९० ते १९९२ ह्या काळात ढाक्यात तर खुद्द तापाच्याच, पॅरासिटामॉलच्या, पातळ औषधाने अनेक मुलांचे प्राण गेले. आधी ताप, मग औषध, मग लघवी बंद. दोष तापाचा की औषधाचा, हे घरी कोणाला उमगणार? पुढे हैतीतही तेच घडले.

२०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे सत्तर मुले मृत्युमुखी पडली आणि तेथील संशयित बाटल्या भारतातून गेलेल्या निघाल्या. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशातच विकल्या जाणाऱ्या बाटलीला मात्र ती अट लागू झाली नाही. ह्या भेदाचे समर्थन कसे करावे, ते मला तरी सुचत नाही.

आणि मग २०२५ चा पावसाळा संपता संपता आपल्याच मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या परिसरात, सर्दी-तापाने आजारी मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत हलविली जाऊ लागली. त्यांना ‘कोल्ड्रिफ’ हे पातळ औषध दिले गेले होते. तामिळनाडूतील तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. ४ ऑक्टोबर रोजी राज्यात बंदी आली. वीसहून अधिक मुले गेली. १९८४ चा डिसेंबर पाहिलेल्या भोपाळला अनोळखी विषाविषयी वेगळे काय सांगावयाचे?

अशा वेळी “आईबापच मनाने औषधे पाजतात” असे म्हणण्याची रीत आहे. येथे तर पुष्कळांच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी होती. बाटलीवरची तारीख वाचता येते, मात्रा मोजता येते. आतला द्रव कोणता, हे कोणत्या आईने ओळखावे? मात्र ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे, आणि साध्या सर्दीला बहुधा बाटलीच लागत नाही, हेही तितकेच खरे. ३ ऑक्टोबर २०२५ च्या केंद्रीय सूचनेने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत असे बजावले. पाच वर्षांखालीही ती सामान्यतः नकोतच.

तापलेल्या मुलाला पाणी वरचेवर पाजावे आणि लघवी होते की नाही, ह्यावर नजर ठेवावी. ती थांबली तर तडक रुग्णालय गाठावे, आणि जाताना बाटली बरोबर न्यावी. तिच्यावरील बॅच-क्रमांकावरूनच शोध लागतो. छिंदवाड्यात तो ‘एसआर-१३’ असा होता.