ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ : अधिकारांची वाटणी

अधिनियमाच्या नावात ‘संवर्धन’ आणि त्याने निर्माण केलेल्या ब्यूरोच्या नावात ‘कार्यक्षमता’, असा हा विसंवाद आहे. शिवाय संवर्धन म्हणजे वास्तविक वाढ. शासकीय मराठीत मात्र हा शब्द बचतीच्या अर्थाने रूढ झाला. शब्दांचा हा घोटाळा क्षम्य मानता येईल. अधिकारांच्या वाटणीविषयी तसे म्हणता येत नाही, आणि प्रस्तुत टिपणाचा तोच विषय आहे.

१९७३च्या तेलसंकटानंतर देशात काटकसरीचा विचार बळावला. १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था व १९८९ साली ऊर्जा व्यवस्थापन केंद्र स्थापन झाले. परंतु उपदेश, प्रशिक्षण व संशोधन यांपलीकडे त्यांचा अधिकार जात नव्हता. १ मार्च २००२ रोजी अधिनियम अंमलात येऊन ब्यूरो अस्तित्वात आला, तेव्हा या कार्याला प्रथमच वैधानिक बळ लाभले. ते बळ मात्र विभागलेले होते. मानके केंद्राने ब्यूरोशी विचारविनिमय करून ठरवावयाची, तपासणी राज्याच्या पदनिर्देशित अभिकरणाने करावयाची (महाराष्ट्रात हे काम ‘महाऊर्जा’कडे आले), आणि शास्तीचा निर्णय राज्य विद्युत नियामक आयोगाने नेमलेल्या त्याच्याच सदस्याने द्यावयाचा. शास्तीची मूळ कमाल मर्यादा दहा हजार रुपये होती, आणि तीही पहिली पाच वर्षे कोणावर बसवावयाची नव्हती! २०१०च्या दुरुस्तीने ती दहा लाखांवर नेली.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवते. कलम १४ केंद्राला आणि कलम १५ राज्यांना उद्देशून आहे. दोहोंत क्रियापद एकाच वळणाचे, ‘करू शकेल’. व्याकरण समान, परिणाम भिन्न. केंद्राची इच्छा एक. राज्यांच्या इच्छा अनेक. उपकरणांवरील तारांकनाची योजना २००६ साली ऐच्छिक म्हणून निघाली आणि २०१० मध्ये वातानुकूलन यंत्रांसह काही उपकरणांना सक्तीची झाली. तिच्यासाठी एका अधिसूचनेने काम भागले, कारण उत्पादक मोजके आणि आज्ञा देणारा एक. २००७ची इमारत संहिता मात्र ऐच्छिकच राहिली. स्थानिक हवामानानुसार तीत बदल करून ती लागू करणे राज्यांच्या हाती, आणि बांधकामाचा नकाशा मंजूर करणारी नगरपालिका तर या अधिनियमाच्या मूळ रचनेत जवळजवळ दिसतच नाही. ही उणीव तांत्रिक ज्ञानाची नव्हे, रचनेची आहे, असे माझे मत आहे.

२०२२च्या दुरुस्तीने संहितेचे क्षेत्र निवासी इमारतींपर्यंत विस्तारले आणि ब्यूरोच्या नियामक परिषदेची सदस्यसंख्या २० ते २६ वरून ३१ ते ३७ केली. कलम १५ मधील क्रियापद मात्र ऐच्छिकच राहिले.