हरिकेनोत्तर पुनर्बांधणी, लघुद्वीप राष्ट्रांतील

अटलांटिक महासागरात व कॅरिबियन समुद्रात मुख्यतः जून ते नोव्हेंबर या काळात येणाऱ्या तीव्र उष्णकटिबंधीय चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात. त्यांच्या तडाख्यानंतर या भागातील छोट्या द्वीपराष्ट्रांची घरे, शेती, रस्ते आणि सरकारी तिजोरी सावरणे हे एक काम, आणि पुढच्या वादळाची तयारी हे दुसरे, अशी विभागणी मदत देणाऱ्यांच्या कागदपत्रांत रूढ आहे. डॉमिनिका आणि ग्रेनाडा यांचा २००४ नंतरचा अनुभव पाहता ती टिकत नाही. वादळानंतरची मदत किती उपयोगी पडेल, हे बव्हंशी वादळाआधी झालेल्या करारांवर आणि वादळाआधी बांधलेल्या छपरांवर ठरते.

मोठ्या देशात एका किनाऱ्याला वादळ लागले तरी उरलेल्या प्रदेशात कर गोळा होत असतो, कारखाने चालू असतात आणि तिथून वायरमन, डॉक्टर व धान्य धाडता येते. सुमारे ७५० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या आणि साधारण ७०,००० लोकवस्तीच्या डॉमिनिकाला असा उरलेला प्रदेशच नाही. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे हरिकेन या बेटावर आदळले. जेमतेम दिवसभरात ते पहिल्या श्रेणीवरून पाचव्या श्रेणीला पोचले होते. साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली, दहांपैकी नऊ घरांचे नुकसान झाले आणि एकूण हानी सुमारे १३० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या आदल्या वर्षाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २२६ टक्के भरली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, एरिका वादळाच्या पावसाने तेव्हाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ९० टक्क्यांएवढे नुकसान केले होते. म्हणजे पहिली डागडुजी पुरी होण्याआधीच दुसरा घाव बसला. मारियानंतर बेटावरचे एक मोठे परदेशी वैद्यकीय महाविद्यालयही बार्बाडोसला गेले आणि विद्यार्थ्यांच्या घरभाड्यावर व बाजारहाटावर चालणारी कमाई थांबली. नुकसानीच्या आकड्यात अशी गळती क्वचितच नीट मोजली जाते.

वादळानंतर जगभरची सहानुभूती मिळते, पण ती रकमेत उतरायला वेळ लागतो आणि त्या रकमेवर कर्जदात्यांच्या अटी असतात. ग्रेनाडाने हा धडा महागात घेतला. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन हरिकेनने तिथल्या सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान केले. जायफळाच्या बागाही झोपल्या, आणि नवे झाड पुरेसे फळायला कित्येक वर्षे जातात. उत्पन्न गेले, कर्जाचे हप्ते मात्र राहिले. देशाला कर्जाची पुनर्रचना करावी लागली आणि २०१३ मध्ये पुन्हा हप्ते थकले. आयव्हनच्या अनुभवातून २००७ मध्ये कॅरिबियन देशांचा सामायिक आपत्ती-विमा निधी (सीसीआरआयएफ) उभा राहिला. नेहमीच्या विम्यात आधी पंचनामा होतो, मग दाव्याची छाननी. इथे वाऱ्याचा वेग, पावसाचे प्रमाण अशा आधी ठरवलेल्या मोजमापांच्या आधारे गणित मांडले जाते आणि साधारण दोन आठवड्यांत पैसे सरकारच्या खात्यात जमा होतात. २०१५ च्या कर्ज-पुनर्रचनेत ग्रेनाडाने आणखी एक कलम रोख्यांत घालून घेतले : ठरावीक तीव्रतेचे वादळ आले की हप्ते आपोआप पुढे ढकलता येतील. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हरिकेन ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळले तेव्हा विमा निधीतून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले आणि ते कलमही प्रथमच वापरले गेले. आधी ठरलेला पैसा संकटाच्या काळातच हाती आला, एवढ्यापुरता तरी २००४ आणि २०२४ मध्ये फरक पडला.

यावर पहिला आक्षेप रकमेचा आहे. मारियानंतर डॉमिनिकाला विम्यातून मिळाले ते सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर, १३० कोटींच्या हानीपुढे दीड टक्का. एरिकाच्या वेळी तर वाऱ्याचा जोर कमी असल्याने हरिकेन-विम्यातून काहीच मिळाले नाही. पावसाच्या स्वतंत्र विम्यातून आले ते फक्त २४ लाख. आक्षेप रास्त आहे, मात्र विम्याकडून भलत्या कामाची अपेक्षा धरतो. ही रक्कम पहिल्या काही आठवड्यांतील पगार, इंधन आणि दरडी उपसण्यासाठी असते; घरे व पूल बांधायला सवलतीचे दीर्घ मुदतीचे कर्ज लागते. तिथेच खरी अडचण आहे, कारण असे कर्ज बहुतांशी दरडोई उत्पन्न पाहून दिले जाते. बहामासारखा देश कागदावर श्रीमंत ठरतो, मग २०१९ मध्ये डोरियन हरिकेनने त्याच्या अबाको बेटाची कितीही दैना केली असो. ही कसोटी बदलण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला. कर्ज देणाऱ्या संस्थांवर तो बंधनकारक नाही, हा त्यातला उणेपणा.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो अधिक वजनदार. समुद्र तापवणाऱ्या उत्सर्जनात या बेटांचा वाटा नगण्य, तर विम्याचा हप्ता त्यांनी का भरावा? खरे म्हणजे भरू नये. हप्त्याचा भार श्रीमंत देशांनी उचलावा, ही मागणी २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे मान्य झालेल्या हानी-नुकसान निधीच्या हेतूशी सुसंगत आहे. पण हप्ता कोणी भरायचा हा वाद वादळाआधी मिटायला हवा. नंतर तो मिटेपर्यंत बेटावर छपराविना पावसाळा सरतो.

छपराची गोष्ट पैशाइतकीच निर्णायक आहे. दोन पाखांच्या रुंद वळचणीच्या छपरापेक्षा तीव्र उताराचे चौपाखी छप्पर वाऱ्यापुढे अधिक टिकते. वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेले असले, तर पत्रे उडण्याची शक्यता आणखी घटते. मारियानंतर डॉमिनिकाने बांधकामाचे निकष कडक केले, हवामान-सक्षमतेसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली आणि एरिकाने राहण्याजोगे न ठेवलेल्या पेतीत सावान गावातील लोकांसाठी बेलव्ह्यू शोपँ येथे वसाहत बांधली. या घरांचा बराच पैसा परदेशी गुंतवणूकदारांना नागरिकत्व विकून आला. टीकाकारांना हा मार्ग गैर वाटतो. तो बेभरवशाचाही आहे, पण तेवढा हक्काचा पैसा दुसरीकडून वेळेवर येत नव्हता, हेही टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे.

बेटे सोडून लोकांनी अन्यत्र जावे, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. अँटिग्वा व बार्बुडा या देशातील बार्बुडा बेटावर त्याची छोटी झलक दिसली. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा हरिकेननंतर तिथले सर्व रहिवासी अँटिग्वा बेटावर हलवले गेले. ते परतण्याआधीच सरकारने बार्बुडाच्या परंपरागत सामूहिक जमीन-मालकीच्या कायद्यात बदल करायला घेतला आणि पर्यटन प्रकल्पांना वाट मोकळी होऊ लागली. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. स्थलांतर आवश्यक होते, यात शंका नाही. पण परतण्याचा आणि जमिनीचा हक्क वादळाआधी असा पक्का केलेला नव्हता की लोक दूर असताना त्याला हात लावता येऊ नये. पुनर्बांधणीच्या योजनांत विमा व बांधकाम यांची तरतूद असते, जमिनीच्या हक्काची सहसा नसते.