जंगलानं आपलं म्हणावं म्हणून

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर मोगली लागला की घराघरांतली पोरं हातातलं सोडून पडद्यासमोर येऊन बसत. लांडग्यांत वाढलेला, अस्वलाबरोबर हिंडणारा तो उघडा मुलगा. मुलांना त्याचा हेवा वाटे आणि खरं सांगायचं तर शेजारी पेपर वाचत बसलेल्या वडिलांनाही वाटे. माणसाला जंगल नुसतं पाहून पुरत नाही. तिथल्या जनावरांनी आपल्याला ‘हा आमच्यातला’ म्हणावं, अशी एक इच्छा त्याच्या मनात कुठंतरी दडलेली असते. एका बाईनं ही इच्छा खरी करून पाहिली. तिला काय मिळालं आणि ज्यांच्यात ती गेली त्यांच्या वाट्याला काय आलं, त्याची ही गोष्ट आहे.

जेन गुडाल हे तिचं नाव. १९३४ साली लंडनमध्ये जन्मली. वडिलांनी आणून दिलेला खेळण्यातला चिंपांझी उराशी धरून वाढली आणि पुढं टारझनची पुस्तकं वाचून टारझनच्याच प्रेमात पडली. टारझननं भलत्याच जेनशी लग्न केलं, असं ती म्हातारपणीही गमतीनं सांगायची. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं कॉलेज झालं नाही. हॉटेलात वेट्रेसचं काम करून तिनं बोटीच्या तिकिटाचे पैसे साठवले आणि १९५७ मध्ये केनिया गाठलं. तिथं लुई लीकी हे शास्त्रज्ञ आदिमानवाच्या हाडांचा शोध घेत होते. आदिमानव कसा जगत असेल याचा काही माग चिंपांझींकडून लागेल, असं त्यांना वाटे. पदवी नसलेली ही मुलगी त्यांनी मुद्दाम निवडली. पुस्तकी मतांनी तिचे डोळे अजून बांधलेले नव्हते.

१४ जुलै १९६० रोजी जेन टांगानिका सरोवराच्या काठी गोम्बेला उतरली. आजच्या टांझानियातला हा भाग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता आणि एकट्या तरुण मुलीला जंगलात राहू द्यायला साहेब तयार नव्हते. मग तिची आईच तंबूत राहायला आली. (या आईवर खरं तर स्वतंत्र भाषण द्यायला हवं.) दोघींनाही हिवतापानं लोळवलं. चिंपांझी तर जेन लांबून दिसली तरी पळून जात. ती रोज तशाच साध्या रंगाच्या कपड्यांत त्याच टेकडीवर जाऊन बसे. असे कित्येक महिने गेले.

आधी न पळालेला एक नर होता. त्याच्या पांढुरक्या दाढीवरून तिनं त्याचं नाव ठेवलं डेव्हिड ग्रेबिअर्ड. वारुळात गवताची काडी घालायची आणि तिला चिकटलेल्या वाळव्या ओठांनी टिपायच्या, हा प्रकार तिनं पहिल्यांदा पाहिला तो त्याच्याकडून. अवजार फक्त माणूसच वापरतो ही समजूत तिथं मोडली. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसराच प्रसंग. एकदा ओढ्याकाठी डेव्हिड शेजारी बसलेला असताना जेननं खाली पडलेलं तेलताडाचं लाल फळ तळहातावर ठेवून त्याच्यापुढं धरलं. त्यानं तोंड फिरवलं. तिनं हात आणखी पुढं केला. तेव्हा त्यानं फळ घेतलं आणि त्याच क्षणी तिचा हात आपल्या हातात हलकेच धरून ठेवला. मग हात सोडला आणि फळ खाली टाकलं. त्याला ते नकोच होतं. घाबरलेल्या सोबत्याला चिंपांझी असाच धीर देतात.

एवढं मिळाल्यावर कोण थांबेल? डेव्हिड तंबूपाशी येऊन केळी पळवू लागला तशी जेननं त्याच्यासाठी जास्तीची केळी मागवली. त्याच्यामागून बाकीचे आले. पुढं रीतसर केळी घालण्याची जागाच तयार झाली, दुरून उघडता येतील अशा पेट्या बसल्या. इतक्या जवळून रानातले चिंपांझी त्याआधी कुणी पाहिले नव्हते. पण एरवी फळं शोधत पांगणारी ही मंडळी आता तळावर ठाण मांडून बसू लागली. त्यांची आपसांत भांडणं वाढली, बबून माकडांशीही वाढली. हे चुकलं, हे जेननं पुढं स्वतःच लिहिलं आणि केळी कमी केली. १९७४ ते १९७८ या काळात गोम्बेतल्या एका टोळीनं शेजारची टोळी मारून संपवली, तेव्हा काही अभ्यासकांनी बोट दाखवलं ते या केळ्यांकडंच. आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणच्या नोंदी ताडून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. असल्या हत्यांचा माणसाच्या ढवळाढवळीशी संबंध त्यात दिसला नाही. केळी त्या आरोपातून सुटली म्हणायची.

१९६६ सालच्या पोलिओनं मात्र सुटका ठेवली नाही. त्या भागातल्या माणसांत साथ होती आणि माणसाचे रोग चिंपांझींना होतात. मॅकग्रेगर नावाच्या म्हाताऱ्या नराचे दोन्ही पाय गेले. हातांच्या जोरावर तो जमिनीवरून स्वतःला ओढत फिरे. जुने सोबतीही त्याच्याजवळ येईनात. शेवटी त्याचे हाल पाहवेनात म्हणून तळावरच्या माणसांनीच त्याला गोळी घातली. उरलेल्यांना लस दिली ती केळ्यांतूनच. पुढं गोम्बेत चिंपांझीला हात लावायचा नाही असा नियम झाला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६७ मध्ये जेनला मुलगा झाला. चिंपांझी माकडांची पिल्लं मारून खातात हे तिनंच जगाला दाखवलं होतं. तेव्हा गोम्बेत असताना ते बाळ जाळी लावलेल्या व्हरांड्यात वाढलं. आयुष्यभर ज्यांच्यात मिसळायची आस धरली त्यांच्यापासून पोटच्या पोराला पिंजऱ्यात ठेवावं लागलं. मी तिला दोष देत नाही. कोणत्याही आईनं हेच केलं असतं.

डेव्हिड १९६८ नंतर कुणाला दिसला नाही. त्याच वर्षी गोम्बे राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथं पाहुण्यांनी अंतर ठेवूनच उभं राहायचं असतं आणि आजारी माणसाला चिंपांझींजवळ जाऊ देत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी जेन गेली, तेव्हा २०१३ मधली एक चित्रफीत पुन्हा घरोघर पाहिली गेली. काँगोमधल्या अनाथालयात मरणाच्या दारातून परतलेली वुंडा नावाची चिंपांझी मादी बेटावरच्या जंगलात सोडली जाते आहे. पेटीतून बाहेर आल्यावर ती वळते आणि जेनला घट्ट मिठी मारते. पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात, माझेही आले. वास्तविक वुंडाला वाचवलं होतं तिथल्या डॉक्टरांनी आणि सेवकांनी. जेन तिला भेटली होती ती त्याच दिवशी, पहिल्यांदा. मिठी सुटल्यावर वुंडा झाडीकडं वळली आणि निघून गेली.