आधी श्रोता, मग वक्ता

महाविद्यालयात आल्यावर ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा पेपर भेटतो तो बहुधा पहिल्या वर्षी, मुख्य विषयांच्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बसावे, गटचर्चेत केव्हा तोंड उघडावे, एवढे सांगून तो निरोप घेतो. संज्ञापन आणि त्याच्या पोटातले वक्तृत्व यांची ही फार तोकडी ओळख झाली. या विद्येचे आपल्या भाषेत जुने आणि नांदते घर आहे. नव्या वाचकांनी त्या घरात पुढच्या दाराने यावे, एवढ्यासाठी हा प्रास्ताविक मजकूर.

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, आणि तो मुळात ऐकलेल्या बोलण्याचा संग्रह आहे. चक्रधरस्वामी बोलले, अनुयायांनी ते बोल मनात जपले, आणि म्हाइंभटांनी एकेकाला विचारून, पडताळून ते लिहून काढले. शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची, ज्ञानेश्वरी हेही निरूपणच. समोर माणसे बसली आहेत याचा तिला क्षणभर विसर पडत नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी तर ज्ञानदेव श्रोत्यांकडे आधी अवधान मागतात आणि मग पुढे जातात. श्रोत्यांचा विचार कसा करावा यावर आजच्या क्रमिक पुस्तकात स्वतंत्र प्रकरण असते. आपल्याकडे तो विचार ग्रंथाच्या बांधणीतच मुरलेला आहे.

कीर्तनाने हीच विद्या गावोगाव नेली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान, ही विभागणी माणसाचे लक्ष किती वेळ टिकते हे ओळखूनच झाली असावी, असे मला वाटते. गाडगे महाराजांनी ही चौकटही मोडली. ते समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि लोक आपल्याच उत्तरांच्या वाटेने आपल्या अंधश्रद्धेपाशी येऊन पोचत. शहरात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. व्याख्यानाला उत्तेजन द्यायला सभा स्थापणारा समाज बोलण्याकडे किती गांभीर्याने पाहत असेल!

आणि आपण त्याचे काय केले? वक्तृत्व स्पर्धा. स्पर्धांनी अनेकांना सभाधीटपणा दिला, हे ऋण मान्य करायला हवे. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून मी एकाच छापाची किती भाषणे ऐकली याची गणती नाही : ‘सन्माननीय व्यासपीठ’ पासून सुरुवात, दुसऱ्या मिनिटाला शेर, चौथ्या मिनिटाला चढलेला आवाज, आणि घंटा वाजताच पाठ केलेल्या शेवटाकडे धाव. बोलणाऱ्याची नजर समोरच्या भिंतीवर. सभागृहात कोणी नसते तरी त्या भाषणातला एक शब्द बदलला नसता.

म्हणून, तुम्ही या विषयाकडे येत असाल तर सुरुवात बोलण्याने करू नका. एक चांगले भाषण घ्या आणि त्याच्याजवळ आठवडाभर राहा. माझी निवड विचाराल तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेले भाषण. ते इंग्रजीत आहे, पण त्याची रचना कोणत्याही भाषेच्या विद्यार्थ्याने पाहावी. इतक्या मोठ्या प्रसंगी हा वक्ता आरंभ करतो तो हिशेबाने : संविधान सभा पहिल्यांदा भरली त्याला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस होतील. मग कामाला वेळ फार लागला या टीकेला आकड्यांनी उत्तर. मग श्रेयाची वाटणी : बी. एन. राव, मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी, इतकेच काय, सभागृहात सतत हरकती घेणारे सदस्यसुद्धा. ऐकणाऱ्याचा विश्वास असा पुरता बसल्यावरच इशारे येतात : आंदोलनाचे असंवैधानिक मार्ग सोडा, राजकारणातली विभूतिपूजा टाळा, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. हे इशारे पहिल्या पाच मिनिटांत दिले असते तर ते उपदेश वाटले असते. भाषण मोठ्याने वाचा, आणि वक्ता कुठे थांबला असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. पुस्तकातली चार प्रकरणे शिकवणार नाहीत ते त्या खुणा शिकवतील.

शास्त्राची भीती बाळगू नका. त्यातले पुष्कळसे ओळखीचेच निघेल. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची ती वितंडा, हा भेद न्यायसूत्रांनी करून ठेवला आहे. टीव्हीवरची कोणतीही चर्चा लावा, तिथे वाद किती सापडतो ते स्वतःच मोजा. आवाजासाठी नाट्यशास्त्राने उर, कंठ आणि शिर ही तीन स्थाने सांगितली आहेत. गळा ताणून बोलणाऱ्या स्पर्धकाला पहिल्या स्थानाची ओळख करून देणे हे शिक्षकाचे पहिले काम.

पाय लटपटतात, तोंड कोरडे पडते, ही तक्रार प्रत्येक वर्गात असते. ती जात नाही, फक्त सवयीची होते. एकदा बोलून झाल्यावर मोबाइलवर स्वतःला ऐका. पहिल्यांदा लाज वाटेल, तिसऱ्यांदा चुका ऐकू येतील.

आणि एप्रिल-मे महिन्यात पुण्यात असाल, तर वसंत व्याख्यानमालेला एक संध्याकाळ द्या. मागच्या रांगेत बसा, आणि अधूनमधून वक्त्यावरची नजर काढून समोरच्या पाठमोऱ्या माना कधी हलतात, कधी घड्याळाकडे वळतात, ते वहीत टिपून ठेवा.