लाकडावरच्या कवकाला नाव कसे मिळाले?

पावसाळा संपता संपता एखाद्या वाळक्या ओंडक्याकडे नीट पाहा. भिंतीला फळी ठोकावी तसे कडक, अर्धगोल कवक त्याला चिकटलेले दिसेल. कोकणात फणसाच्या खोडावरच्या अशा कवकाला ‘फणसोंबा’ म्हणतात. म्हणजे ओळख झाडावरून. शास्त्रज्ञांनी ती कशावरून ठरवली?

सुरुवात झाली ती कवक उलटे करून पाहण्यापासून. त्याच्या खालच्या बाजूस बहुधा बारीक छिद्रे असतात. इटलीतील मिकेली यांनी १७२९ सालच्या ग्रंथात ‘पॉलिपोरस’, म्हणजे ‘अनेक छिद्रांचे’, हे नाव वापरले. कवकांना बीजुके असतात हेही त्यांनी दाखवले. १८२१ साली स्वीडनच्या एलियास फ्रीज यांनी खाली छिद्रे आहेत, पटले आहेत की दाते, यावरून कवकांचे गट पाडले. सूक्ष्मदर्शकावाचून वापरता येणारी ही पद्धत शंभर वर्षे टिकली.

पण सारखे दिसणारे सगळेच सख्खे नसतात. छिद्रांमुळे थोड्या जागेत पुष्कळ बीजुके तयार होतात. हा फायद्याचा आकार निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे आला आहे. १९३२ साली, सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या कॉर्नर यांनी कवकाचे तंतू सुटे करून त्यांचे तीन प्रकार दाखवले: वाढणारे, आधार देणारे आणि बांधून ठेवणारे. कोणते तंतू आहेत यावरून ओळख अधिक पक्की होऊ लागली. पुढे डीएनएच्या अभ्यासाने जुने अनेक गट मोडले.

हा नुसता नावांचा घोळ नाही. १७८१ साली इंग्लंडमधून वर्णिलेल्या कवकाचे ‘ल्युसिडम’ हे नाव (आजचे गॅनोडर्मा ल्युसिडम) चीनमधील औषधी लिंगझीलाही दिले गेले. २०१२ साली चिनी संशोधकांनी लिंगझी ही वेगळी जात असल्याचे दाखवले. मग जुने औषधी प्रयोग नेमके कोणत्या कवकावर झाले? ‘फणसोंबा’ या नावाखालीही एकाहून अधिक जाती येतात.

म्हणून वर्गात नाव सांगण्याची घाई नको. झाड कोणते, जिवंत की वाळलेले, खाली छिद्रे की पटले, हे मुलांना टिपू द्या. ताजा तुकडा छिद्रे खाली करून रात्रभर पांढऱ्या कागदावर झाकून ठेवा. बीजुकांचा रंग कळू शकेल. चव मात्र घेऊ नये. नाव मागाहून आले तरी चालेल. टिपण खरे हवे.