सोळावर बसलेलं काळं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं चित्रण एडिट करून मी एक्स्पोर्टला लावलं. टाइमलाइनवर काकूंची चंद्रकळा काळीभोर होती. तयार फाइल उघडली, तर तीच साडी वर्षानुवर्षं उन्हात वाळत घातल्यासारखी विटकी. हलव्याचे दागिने मळके, कपाळावरचं कुंकू फिकट. मी तर कशालाच हात लावला नव्हता. वेव्हफॉर्मवर पाहिलं तेव्हा आकडा सापडला : काळं शून्यावर नव्हतं, १६ वर होतं.

हा १६ कुठून आला? आठ बिटांत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मावतात. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ द्यावं हे कुणालाही सुचेल. टीव्हीच्या अभियंत्यांनी मात्र काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर बसवलं, तेही पुरत्या विचाराने. त्या विचाराचं मूळ आकड्यांच्या आधीच्या काळात आहे.

अॅनालॉग टीव्हीत चित्र म्हणजे तारेतला चढता-उतरता विद्युतदाब. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका व्होल्टपैकी ०.७ व्होल्ट चित्राचे असत. उरलेले ०.३ काळ्याच्याही खाली, तळघरात. ओळ कुठे सुरू होते हे टीव्ही संचाला सांगणारे सिंकचे ठोके तिथे पडत. म्हणजे काळं हा तळ नव्हताच, त्याच्याखाली आणखी एक मजला होता. अमेरिकेने काळं आणखी थोडं उचलून ७.५ आयआरई या पातळीवर ठेवलं होतं, तर जपानने पुढे तेवढं उचलणंही सोडून दिलं. त्यामुळे एका देशाच्या सिग्नलमधलं काळं दुसऱ्या देशाच्या संचावर राखी तरी दिसे, नाहीतर सावल्या गिळून टाके. माझ्या चंद्रकळेचं दुखणं इतकं जुनं आहे.

१९८२ साली, आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सीसीआयआर या समितीने डिजिटल व्हिडिओची शिफारस ६०१ स्वीकारली. सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने आणि दृश्य ओळीत ७२० नमुने, हे ५२५ ओळींच्या आणि ६२५ ओळींच्या अशा टीव्हीच्या दोन्ही जगांना चालेल असं गणित होतं. त्या समेटाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यातली समासाची सोय.

दूध तापवायचं तर पातेलं काठोकाठ भरत नाहीत. सिग्नलचंही तसंच. काळ्या पदरावरून नजर एकदम पांढऱ्या हलव्यावर जावी, तशी चित्रातली तीव्र कड फिल्टरमधून गेली की सिग्नल पांढऱ्याच्या थोडा वर उसळतो आणि काळ्याच्या थोडा खाली बुडतो. शिवाय त्या काळच्या उपकरणांच्या पातळ्या सरकत, पुन्हापुन्हा जुळवाव्या लागत. उसळलेला भाग २५५ ला आपटून कापला गेला, तर ती जखम पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चिघळते. म्हणून खाली १ ते १५ आणि वर २३६ ते २५४ ही जागा मोकळी सोडली. ० आणि २५५ तर चित्राला दिलेच नाहीत. ते सिंकसाठी राखले, जुन्या तळघराचे वारस म्हणून. रंगाच्या दोन घटकांना १२८ हा मध्य धरून १६ ते २४० अशी हद्द मिळाली. कुंकू फिकं का पडलं, याचं उत्तर इथे आहे. हद्दीचा घोळ उजेडापुरता राहत नाही, रंगांनाही लागतो.

दुसरं घराणं संगणकाचं. तिथलं चित्र आकड्यांतूनच जन्मतं, उतू जायला काही नसतं, म्हणून काळं ० आणि पांढरं २५५. जेपेग फोटोंनीही हीच पूर्ण रेंज घेतली. जोवर टीव्ही स्टुडिओत आणि संगणक टेबलावर होता, तोवर दोन्ही घराणी आपापल्या घरी सुखी होती. एडिटिंग संगणकावर आलं आणि दोघांचा संसार एका टाइमलाइनवर सुरू झाला.

तेव्हापासून चूक दोनच प्रकारांनी होते. टीव्हीच्या मर्यादित, म्हणजे १६ ते २३५ च्या, रेंजची फाइल कुणी पूर्ण रेंज समजून तशीच दाखवली, की १६ चं काळं राखी दिसतं. उलट, पूर्ण रेंजच्या फाइलला मर्यादित समजून ताणलं, म्हणजे प्रत्येक आकड्यातून १६ वजा करून सुमारे १.१६ ने गुणलं, की १६ च्या खालचं सगळं एकच काळं होतं. साडीच्या निऱ्या, केसांच्या बटा त्यात बुडतात. पहिली चूक वाईट दिसते, पण माहिती शाबूत असते. दुसरी ‘पंची’ म्हणून खपते, पण तशी एक्स्पोर्ट होऊन मूळ फाइल हाताशी उरली नाही, तर गेलेल्या निऱ्या परत येत नाहीत. मला दुसरीची भीती जास्त वाटते.

एच.२६४ च्या फाइलमध्ये ही रेंज सांगायला एक बिट आहे. ते लिहिलंच नसेल, तर रेंज मर्यादित धरायची असा नियम. प्लेअर ते बिट वाचेलच याची मात्र खात्री नाही. त्यामुळे नुसतं पाहून ‘काळं कमी वाटतंय’ म्हणत एक्स्पोर्टआधी लेव्हल ओढणं घातक. प्लेअर चुकत असेल, तर आपण बरोबर असलेली फाइल बिघडवून बसतो.

माझ्याही बाबतीत फाइल निर्दोष निघाली. ती परत टाइमलाइनवर आणली, मूळ दृश्यावर ठेवली आणि ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ केला. दोन्ही चित्रं जुळली तर वजाबाकीत काही उरत नाही. कॉम्प्रेशनची जेमतेम दिसेल अशी कणी सोडली, तर पडदा काळा राहिला. दोष प्लेअरचा होता, तो १६ लाच शून्य न समजता जसाच्या तसा दाखवत होता. दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडलं आणि काकूंच्या निऱ्या एकेक करून मोजता आल्या.

आता १० बिटांचा व्हिडिओ आला आहे, १,०२४ पायऱ्यांचा. उसळणाऱ्या अॅनालॉग तारा बहुतेक ठिकाणांहून गेल्या. तरी २०१२ च्या अल्ट्रा एचडीच्या शिफारशीत काळं ६४ वर आहे आणि पांढरं ९४० वर : तेच १६ आणि २३५, चारपट.