मान खाली घालून

क्रॉफर्ड मार्केटसमोर ट्रामचा वेग मंदावतो आणि तुम्ही फूटबोर्डवरून खाली उतरता. साल १९४१. पाऊस नुकताच सरलाय. सकाळचं ऊन स्वच्छ, कडक. समोरून व्हिक्टोरियाचे घोडे टापा वाजवत बोरीबंदरकडे जातायत, आणि मार्केटच्या दारात टोपल्या, हमाल, गिऱ्हाइकं यांची एकच दाटी झालीय.

तुमच्या गळ्यात चामडी पट्ट्याला अडकवलेला जड रोलायफ्लेक्स आहे. वर एक भिंग, खाली एक. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. कॅमेरा जर्मन, आणि सध्या जर्मनीशीच युद्ध चालू आहे; तिथून नवा माल यायचा बंद झालाय. आत एकच रोल, त्यावर १२ चौकोनी फोटो. तेव्हा दिसलं ते टिपलं, असं चालणार नाही.

वरचं झाकण उघडा. चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा उभा राहतो आणि तळाशी दुधी काचेवर अख्खा रस्ता उतरतो, पण उलटा. डावीकडून येणारा हमाल काचेत उजवीकडून शिरतो. त्याच्या मागे कॅमेरा वळवायला जाता, तर तो भलत्याच बाजूला निसटतो. दोन-चारदा असं होऊ द्या. मग हाताला समज येते आणि डोकं मधे पडेनासं होतं.

उजेड मोजायला यंत्र नाही. ऊन किती कडक आहे, सावलीची कड किती ठळक आहे, त्यावरून ठरवायचं. छिद्र ११ वर, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर, भिंगाचं अंतर साधारण तेरा फुटांवर. एवढं बेतून ठेवलं की दहा फुटांपासून वीस फुटांपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं आणि मग बटणांकडे बघावंच लागत नाही. रस्त्यावरची फोटोग्राफी म्हणजे हाताची चपळाई असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. चपळाई शेवटच्या क्षणाची. त्याआधीचं सगळं काम म्हणजे एका जागी उभं राहून वाट बघणं.

वाट बघा. दाराच्या कमानीवर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रं आहेत, लॉकवुड किपलिंगच्या हाताखाली तयार झालेली. त्यांच्या खाली एक पाटीवाला उकिडवा बसून फडक्याची चुंबळ वळतोय. नऊवारीतली एक बाई पेरू हातात घेऊन फळवाल्याशी हुज्जत घालतेय. पाटीवाला चुंबळ डोक्यावर ठेवतो. दोघे मिळून पाटी उचलतात. वजन मानेवर येण्याच्या अगदी आधी तो क्षणभर वर बघतो, डोळे मिटल्यासारखे करतो. आता! टिक. इतका बारीक आवाज, की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पाटीवाला चालू लागलेला असतो. ११ उरले.

त्याचं तुमच्याकडे लक्ष का गेलं नाही? हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, पोटाशी धरायचा असतो. समोरच्याला तुमचा रोखलेला डोळा दिसत नाही, खाली घातलेली मान दिसते.

आणि आता रस्त्यापलीकडे बघा. जे. जे. स्कूलच्या बाजूला, साडी नेसलेली, सत्तावीस वर्षांची एक पारशी बाई अशीच मान खाली घालून उभी आहे. होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, वडील पारशी-उर्दू नाटकात नट, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये आणि जे. जे.मध्ये. फोटो काढायला शिकवलं मानेकशांनी. याच वर्षी दोघांचं लग्न झालंय.

तिच्याकडे लोक कसे बघतात ते नीट पाहा. आधी नवल. बाईमाणूस, भर रस्त्यात, हातात कॅमेरा! मग, काहीतरी हौस असेल, असं म्हणून नजर काढून घेतात आणि आपापल्या कामाला लागतात. पुरुष छायाचित्रकार आला की माणसं पदर सावरतात, टोपी नीट करतात, ताठ होतात. तिच्यासाठी कुणी ताठ होत नाही. तिला कुणी मोजतच नाही. ज्या शहरात मुलींना मान खाली घालून चालायला शिकवतात, तिथे ती मान खाली घालूनच सगळं शहर बघतेय. लोकांच्या या दुर्लक्षाचा आपल्याला फायदाच झाला, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितलं.

बारावा फोटो झाला की रोलच्या शेवटाची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवा आणि सावलीत रोल बदला. काय आलंय ते डार्करूममध्ये निगेटिव्ह धुऊन झाल्यावरच कळेल. तोवर जे पाहिलं ते मनात धरून चालायचं. माझ्या मते फिल्मचं खरं देणं हेच आहे: फोटो काढल्यावर लगेच खाली बघून खात्री करता येत नाही, म्हणून नजर रस्त्यावरच राहते.

वाटेत ‘इलस्ट्रेटेड वीकली’चा अंक चाळा. त्यात होमाईंचे फोटो असतात. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने तिचे पहिले फोटो छापले तेव्हा एका फोटोचा एक रुपया मिळाला होता. नाव मात्र शोधू नका. ती अनोळखी आणि शिवाय बाई, म्हणून या सुरुवातीच्या वर्षांत फोटो मानेकशांच्या नावाने छापले जातात. रस्त्यावर ज्या दुर्लक्षाने तिला वाट दिली, त्यानेच छापखान्यात तिचं नाव गाळलं. फायदा झाला म्हणून अन्याय धुऊन निघत नाही.

आता वर्षं भराभर सरकू द्या. १९४२: दोघं दिल्लीला जातात, ब्रिटिश माहिती खात्यात नोकरीला. पुढे तिच्या फोटोंखाली ‘डालडा १३’ येतं. मोटारीच्या नंबरातली डीएलडी ही अक्षरं आणि १३ हा आकडा, त्यावरून घेतलेलं टोपणनाव. नेहरू विमानात ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देतायत, स्वतःच्या ओठांतही सिगारेट. हा फोटो पाहिलात की पंतप्रधानांच्या इतक्या जवळ उभं राहूनही ती कुणाला कशी खुपली नाही, असं वाटेल. तुम्ही क्रॉफर्ड मार्केटसमोर तिला पाहिलंय, तेव्हा तुम्हाला वाटू नये. दिल्लीच्या फोटोंचं कौतुक झालं ते योग्यच. पण बड्या माणसांनाही रस्त्यावरच्या माणसांसारखं बेसावध टिपण्याची तिची रीत मुंबईची, असं मला ठामपणे वाटतं.

मानेकशा १९६९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी तिने कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांचं धक्काबुक्कीचं वागणं तिला सहन होत नव्हतं. २००६ मध्ये सबीना गडीहोक यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, २०१० मध्ये तिचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २०१२ च्या जानेवारीत ती गेली. आज तिचे मुंबईचे फोटो पुस्तकांत, प्रदर्शनांत दिसतात. त्यांच्याखाली होमाई व्यारावाला असं लिहिलेलं असतं.